मुलाच्या नावाने आलेले पत्र

(बालविभागाचे कार्यकर्ते आणि पालक यांच्या एकत्रित अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय वरकरणी अगदी छोटा आहे. बालशिबिराची आमंत्रणे मुलांच्या नावाने पोस्टाने पाठवावीत की नाही, एवढाच प्रश्न आहे. तीस वर्षे वृत्तपत्रात काढलेल्या माणसाला अशा विषयावर बोलायला का बोलावले, हे प्रथम मला उमगले नाही. नंतर लक्षात आले की दुसऱ्याच्या घरात अनाहूतपणे कागद टाकण्याचा आमच्या व्यवसायाइतका अनुभव अन्य कोणाला नसेल! तेव्हा त्या अधिकाराने मी बोलणार आहे.

विषय निघाला तो असा. काही आठवड्यांपूर्वी एका नगराच्या बैठकीला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. सुटीतल्या बालशिबिराची योजना चालली होती. एका उत्साही तरुणाने सूचना मांडली. भागातील तीन-चार शाळांमधून पाचवी ते आठवीच्या मुलांची नावे आणि पत्ते मिळवायचे, सुबक रंगीत आमंत्रणपत्रे छापायची आणि प्रत्येक मुलाच्या नावाने पोस्टात टाकायची. शाळेत ओळखीचे शिक्षक आहेत, यादी सहज मिळेल, असेही तो म्हणाला. बैठकीत बहुतेकांना सूचना पसंत पडली. एका वयस्क कार्यकर्त्याने तेवढे विचारले, "आणि घरी कोण जाणार?" त्यावर तो तरुण म्हणाला, "काका, हल्ली घरी कोण भेटतं?"

त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याचे म्हणणे खोटेही नाही. ज्या काळी वाड्याचे दार दिवसभर सताड उघडे असे, त्या काळाचे गृहसंपर्काचे नियम आजच्या गृहसंकुलाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. प्रवेशद्वारावर पहारेकरी असतो, तो वहीत नाव लिहून घेतो, वर दूरध्वनी करतो आणि वरून प्रश्न येतो, "कशासाठी आलेत?" आई आणि वडील दोघेही नोकरीवर असतात, रात्री नऊला घरी पोचतात, आणि त्या वेळी कोणी दार वाजवलेले त्यांना नको असते. रविवारी मुलाचा पोहण्याचा वर्ग, तबल्याचा वर्ग, अबॅकस. अशा घराच्या पत्रपेटीत एक आमंत्रण टाकले तर ते निदान आत तरी पोचते, असा त्याचा हिशेब होता.

शिवाय पत्राची एक स्वतंत्र जादू आहे, तीही मान्य करायला हवी. आज घरी येणारी पत्रे म्हणजे विजेचे बिल, बँकेचा कागद आणि लग्नपत्रिका, आणि लग्नपत्रिकाही आता भ्रमणध्वनीवर येते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या नावाने आलेला लिफाफा हातात पडला, तर तो आठ दिवस दप्तरात घेऊन फिरेल. ज्याला हे ठाऊक आहे, त्याने या शक्तीचा वापर जपून करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ते मी प्रथम माझ्याच एका आठवणीतून सांगतो.

साल १९८१. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहत होतो. वडील सरकारी कचेरीत लिपिक होते. मी सहावीत होतो. एके दुपारी पोस्टमन आला आणि ओसरीवरूनच माझे नाव घेऊन ओरडला. पंधरा पैशांचे कार्ड होते. मजकूर सायक्लोस्टाईल केलेला आणि वरती निळ्या शाईने माझे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. येत्या रविवारी सकाळी सात वाजता अमुक मैदानावर यावे, खेळ आहेत, गोष्टी आहेत, खाऊ आहे, येताना आणखी दोन मित्रांना आणावे, असे त्यात लिहिले होते. गावात नव्याने निघालेल्या एका बालमंडळाचे ते कार्ड होते. त्या मंडळाचे नाव मी सांगत नाही. त्याचे चालक सज्जन होते, पुढे मंडळही बंद पडले.

कार्ड म्हणजे उघडे पत्र. पोस्टमनने ते वाचलेले होते, शेजारच्या काकूंनीही वाचले. मला तर आकाश ठेंगणे झाले. संध्याकाळी वडील आले तेव्हा मी ते कार्ड त्यांच्यापुढे नाचवले. त्यांनी ते दोनदा वाचले, उलटून पत्ता पाहिला आणि विचारले, "हा पत्ता त्यांना कुणी दिला?"

मला तो प्रश्नच कळला नाही. पत्र आले होते, यापेक्षा अधिक काय कळायचे होते?

वडिलांच्या मनातली शंका मला पुढे अनेक वर्षांनी समजली. आणीबाणी उठून जेमतेम चार वर्षे झाली होती. १९७५ च्या जुलैत संघावर बंदी आली तेव्हा त्यांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याला मिसाखाली नेले होते. त्या सहकाऱ्याच्या घरी कोण येते-जाते, याची एक यादी तयार झाली होती, असे गावात बोलले जाई. यादी या शब्दाचीच वडिलांना धास्ती बसली होती. आपल्या अकरा वर्षांच्या मुलाचे नाव कुठल्यातरी यादीत आहे आणि ती यादी आपल्याला न विचारता तयार झाली आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. चौकशीअंती निघाले ते असे की आमच्याच एका शिक्षकांनी हजेरीपट उतरवून घेऊ दिला होता. मुख्याध्यापक ओशाळले. शिक्षक माझ्याकडे वर्षभर जरा वेगळ्या नजरेने पाहत राहिले. रविवारी मी मैदानावर गेलो नाही, आणि पुढची दोन वर्षे कुठेच गेलो नाही, कारण घरात त्या विषयाला जणू कुलूप लागले होते.

ते कुलूप कसे उघडले, तेही सांगतो. १९८३ च्या पावसाळ्यात महाविद्यालयात शिकणारा एक दादा सायकलवरून आमच्या घरी आला. मी घरी नव्हतो. तो माझ्यासाठी आलेलाही नव्हता, वडिलांना भेटायला आला होता. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, त्या वर्षी इंग्लंडमध्ये जिंकलेल्या विश्वचषकावर वडिलांशी अर्धा तास बोलला आणि जाताना म्हणाला, "आमची शाखा मळ्यापलीकडच्या मैदानावर भरते. आपली हरकत नसेल तर मुलाला पाठवा. आधी आपण येऊन पाहून जा." वडिलांनी सरळ नाही म्हणून सांगितले. तो हसला, नमस्कार करून निघून गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा आला. तेव्हाही नकारच. श्रावणात आईच्या हातची पुरणपोळी खाऊन गेला आणि मुलाचा विषयही काढला नाही. नवरात्रात वडील एकदा फिरत फिरत मैदानापर्यंत गेले, कडेला उभे राहून तासभर खेळ पाहिले आणि घरी येऊन आईला म्हणाले, "दसऱ्यापासून जाऊ दे त्याला."

पुढे दहावीच्या वर्षी माझी शाखा सुटली. अभ्यास होता, आणि थोडा कंटाळाही होता, खरे सांगायचे तर. तो दादा एकदा घरी आला, अभ्यास कसा चालला आहे विचारले आणि परत गेला. "का येत नाहीस," असे त्याने विचारले नाही. निकालाच्या दिवशी मात्र पेढे मागायला सर्वांत आधी तोच हजर! अकरावीला मी आपणहून पुन्हा गेलो. त्याने कधी मला एकही पत्र लिहिल्याचे मला आठवत नाही.

आता कोणी म्हणेल, हे तुमच्या गावातले जुने चित्र झाले. जगात अन्यत्र पोस्टाच्या बळावर मुलांच्या संघटना उभ्या राहिल्याच नाहीत काय? राहिल्या. त्यातले एक उदाहरण फार मनोरंजक आहे आणि आमच्या व्यवसायाशी निगडित आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक बोलतो.

अमेरिकेत शिकागो येथे विल्यम बॉइस नावाचे एक वृत्तपत्रमालक होते. त्यांची साप्ताहिके खेड्यापाड्यांत खपत, आणि ती विकण्याचे काम हजारो मुले करीत. मुलांचे पत्ते, त्यांचा उत्साह, त्यांचे हिशेब, सगळे या गृहस्थांना मुखोद्गत. १९१० साली अमेरिकेतील बॉय स्काउट संघटना स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. पण स्काउटचे पथक म्हटले की दहा-वीस मुले एकत्र हवीत, वर प्रौढ पथकनायक हवा. दूरच्या शेतावर एकटे राहणाऱ्या मुलाने काय करायचे? बॉइस यांचा जीव या मुलांमध्ये होता, कारण त्यांची साप्ताहिके वाचणारी घरे हीच होती. म्हणून १९१५ साली त्यांनी 'लोन स्काउट्स ऑफ अमेरिका' नावाची निराळी संघटना काढली. मुलाने किरकोळ शुल्क पोस्टाने पाठवायचे की तो सदस्य. ना पथक, ना शिक्षक. 'लोन स्काउट' नावाचे त्यांचे नियतकालिक होते. त्यात मुलेच लिहीत, चित्रे काढीत, एकमेकांशी पत्रमैत्री करीत. एकेक पायरीच्या परीक्षाही टपालानेच होत. रोज एक उपयुक्त काम करावे, असे त्यांचे ब्रीद होते. पुढे तर कित्येक मुलांनी स्वतःची लहानलहान पत्रके काढली, हातमुद्रणयंत्रावर छापली आणि एकमेकांना पाठवली. त्या मुलांतून कित्येक जण पुढे लेखक-पत्रकार झाले म्हणतात, आणि मला त्याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही.

आपल्याकडे याच्याशी थोडे नाते सांगता येईल ते मासिकांचे. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक सुरू केले. घरी टपालाने येणारा तो अंक हा कित्येक मराठी मुलांच्या नावाचा पहिला कागद होता. पण त्या अंकाची वर्गणी वडील भरीत. घरातल्या मोठ्या माणसाने जाणूनबुजून तो कागद घरात येऊ दिलेला असे. हा फरक लहान नाही, त्याकडे मी परत येईन.

तर बॉइस यांच्या संघटनेचे पुढे काय झाले? सदस्यसंख्येचे मोठमोठे आकडे प्रसिद्ध होत राहिले. पण ज्याने एकदा शुल्क पाठवले तो सदस्य, आणि तो पुढे काय करतो हे पाहायला कोणी नाही, अशा ठिकाणी आकड्यांना कितीसा अर्थ राहणार? नाव नोंदवणाऱ्यांतले किती खरोखर पायऱ्या चढले आणि कितींनी बिल्ला लावून दुसऱ्या दिवशी विसरून टाकला, हे कोण सांगणार? कागदावर प्रचंड दिसणारी ती संघटना १९२४ साली मूळ बॉय स्काउटमध्ये विलीन झाली. एकांतात राहणाऱ्या मुलांसाठी तो विभाग तेथे अद्यापि आहे. पण तेथे आता प्रत्येक मुलामागे एक प्रौढ मार्गदर्शक असावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो आई किंवा वडील हाच असतो. टपालाने जमवलेल्या मुलासाठी शेवटी घरातलाच माणूस शोधावा लागला!

मला या प्रयोगाबद्दल आदर आहे. एकट्या पडलेल्या मुलाला पत्र हा मोठा आधार असतो. परदेशात दूरदूरच्या गावांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनाही सुरुवातीच्या काळात पत्र आणि दूरध्वनी यांचाच आधार होता. जेथे माणूस पोचणे शक्य नाही तेथे पत्र जावे, याविषयी वाद नाही. पण आपल्या त्या नगरात शाखेचे मैदान शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे.

आता दुसऱ्या उदाहरणाकडे येतो. ते उच्चारताना सभेत थोडी चुळबुळ होईल, याची मला कल्पना आहे. आपल्यावर टीका करणारे ज्या देशाचे नाव ऊठसूट घेतात, तो जर्मनी. त्या तुलनेवर चिडून उत्तर देण्याची आपल्याला सवय आहे. मी चिडणार नाही, कारण त्या इतिहासातून शिकण्याजोगे आपल्यालाही पुष्कळ आहे.

१९३६ हे वर्ष नाझी युवक संघटनेने दहा वर्षांच्या मुलांच्या भरतीचे वर्ष म्हणून ठरवले. त्या वर्षी दहाव्यात येणारे प्रत्येक मूल २० एप्रिलच्या आत, म्हणजे हिटलरच्या वाढदिवसापर्यंत, संघटनेत यावे असा चंग बांधला. शाळांमधून मुले हेरली गेली. शिक्षकांवर दबाव आला, पालकांना आवाहने गेली. नावाला ते सारे ऐच्छिक होते. दरम्यान स्काउट, कॅथॉलिक युवक मंडळे, अशा इतर संघटना एकामागून एक बंद केल्या जात होत्या, म्हणजे मुलाला जायचे तर दुसरे दारच उरले नव्हते. त्याच वर्षी १ डिसेंबरला कायदा झाला की साऱ्या जर्मन युवकांचे संगोपन घर आणि शाळा यांच्याखेरीज या संघटनेत होईल. २५ मार्च १९३९ च्या आदेशाने ती सेवा सक्तीची ठरली. दहावे वर्ष ज्या साली पूर्ण होईल त्या सालच्या १५ मार्चपर्यंत मुलाची नोंदणी झालीच पाहिजे, आणि जो पालक जाणूनबुजून ती टाळील त्याला दीडशे मार्कांपर्यंत दंड किंवा अटक! आमंत्रण, मग आग्रह, मग हुकूम. तीन वर्षांत एवढा प्रवास झाला.

हा प्रवास कोठे सुरू झाला याचा मी विचार करतो तेव्हा मला वाटते, ज्या दिवशी संघटनेने मुलाकडे जाताना त्याच्या आईवडिलांना वळसा घातला, त्या दिवशी तो सुरू झाला. मुलाला घराविरुद्ध उभे करणे हा त्या राजवटीचा हेतूच होता. आपली सगळी धारणा याच्या उलट आहे. कुटुंब हा समाजाचा मूळ घटक आहे, असे आपण प्रत्येक बौद्धिकात सांगतो. कुटुंबप्रबोधनाची गतिविधी चालवतो. मग त्या कुटुंबाच्या प्रमुखाला न कळवता त्याच्या मुलाला चिठ्ठी पाठवणारी योजना आपल्या बैठकीत पसंत कशी पडते? जाणता-अजाणता हा वळसा आपणही घालतो आहोत, एवढे तरी ध्यानात यावे.

येथे आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे वळतो. १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात संघाचे काम सुरू झाले तेव्हा डॉ. हेडगेवार यांच्याजवळ ना कचेरी होती, ना सदस्यत्वाचा अर्ज, ना वर्गणी. मोहिते वाड्याच्या पडक्या आवारात मुले खेळत. बाळासाहेब देवरस त्या आरंभीच्या काळात शाखेत आले ते अकरा-बारा वर्षांचे असताना. डॉक्टर पत्रे लिहीत नसत असे नाही, पुष्कळ लिहीत. ना. ह. पालकर यांचे चरित्र वाचणाऱ्याला ते ठाऊक आहे. पण ती पत्रे काम उभे राहिल्यावर कार्यकर्त्यांना लिहिलेली आहेत. काम उभे करायला त्यांनी माणसे पाठवली. भैयाजी दाणी शिकायला काशीला गेले आणि तेथे शाखा सुरू झाली. नागपुरातून छापील आमंत्रणे काशीला गेली नाहीत.

आणि पालकांची भीती ही तेव्हाही होती. १९३२ साली मध्य प्रांताच्या सरकारने सरकारी नोकरांना संघात भाग घेण्यास मनाई करणारे परिपत्रक काढले. पुढल्या वर्षी ते नगरपालिका, जिल्हा मंडळे यांच्या नोकरांना, अर्थात शिक्षकांनाही लागू झाले. १९३४ च्या मार्चमध्ये प्रांतिक विधिमंडळात त्यावर गाजलेली चर्चा झाली. अशा वातावरणात ज्या घरातला कर्ता सरकारी चाकरीत आहे, त्या घरातल्या मुलाला मैदानावर आणायचे तर त्या कर्त्याच्या मनातले भय आधी ऐकून घेणे भाग होते. पत्राला ऐकून घेता येत नाही. कार्ड वाचून माझ्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाला ते कार्ड काय उत्तर देणार होते?

जाता जाता एक सांगतो, काहींना रुचणार नाही. १९४१ साली राष्ट्र सेवा दल निघाले. पुणे-मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत त्यांची शाखा आणि आपली शाखा एकाच आळीतल्या मुलांसाठी धडपडत असत. विचारांचे अंतर दोन ध्रुवांचे. परंतु आमच्या गावातल्या जुन्या मंडळींकडून मी ऐकले आहे की पद्धत दोघांची एकच होती, घरी जाणे. एकाच दिवाणखान्यात सकाळी एक दादा चहा पिऊन जाई आणि संध्याकाळी दुसरा. आई दोघांनाही लाडू देई. मुलगा कुठे जाणार हे घरात बोलून ठरत असे. कधी थोरला एकीकडे जाई आणि धाकटा दुसरीकडे!

आता आजच्या परिस्थितीविषयी. पालक आज १९८१ पेक्षाही अधिक सावध आहेत, आणि त्यांना तसे व्हायला सबळ कारण आहे. माझ्या एका परिचितांच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला. निकालाला दोन दिवस होतात न होतात तोच तिच्या नावाने खासगी शिकवणी वर्गांची पत्रे येऊ लागली. त्यात तिचे नाव होते, शाळा होती, आणि एका पत्रात तर तिचे गुणही होते. आई घाबरली. ही माहिती यांच्याकडे गेली कशी? शाळेत विचारले तर शाळेने हात वर केले. त्या घरात आता मुलीच्या नावाने आलेले कोणतेही पाकीट आई आधी उघडते. आपले आमंत्रण कितीही पवित्र हेतूने छापलेले असो, त्या पत्रपेटीत ते त्या शिकवणी वर्गांच्या शेजारीच पडणार आहे, आणि त्याच नजरेने पाहिले जाणार आहे.

कायद्याचाही भाग आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील व्यक्ती ही त्यात बालक आहे, आणि बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शाळेच्या पटावरून उतरवलेली यादी कोणीतरी संगणकात चढवणारच, पुढच्या वर्षासाठी जपून ठेवणारच. कायद्याचे बारकावे वकील मंडळी सांगतील. पण हा कायदा आपल्याच विचारांच्या सरकारने केला आहे, आणि तो पहिल्यांदा पाळण्याची जबाबदारी आपण झटकू नये. आणि ओळखीच्या शिक्षकाने यादी दिली, तर पुढे चौकशीत नोकरीवर गंडांतर येते ते त्या शिक्षकावर. आपण शिबिराची छायाचित्रे छापून मोकळे!

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. शिबिराला दोन महिने उरले आहेत, कार्यकर्ते बारा आहेत आणि घरे दोन हजार आहेत. बारा जणांनी दोन हजार घरी जायचे कसे? माझे उत्तर असे की जाऊ नये. जमतील तेवढ्या घरी जावे. बारा कार्यकर्त्यांनी आठवड्यात प्रत्येकी चार घरे केली, तर दोन महिन्यांत चारशेच्या आसपास घरे होतात. त्यातून साठ मुले आली तर ती साठ घरे आपल्याला ओळखतात. दोन हजार पत्रांतून कदाचित दीडशे मुले येतील, खाऊ खातील, टोपी घेतील आणि पुन्हा दिसणार नाहीत. तुम्हाला शिबिराचे वृत्त सजवायचे आहे की शाखा वाढवायची आहे, ते नगराने ठरवावे. शताब्दी वर्षाच्या निमित्ताने देशभर जे गृहसंपर्काचे अभियान झाले, त्यात आपल्यापैकी अनेक जण दारोदार हिंडले. गृहसंकुलांत प्रवेश मिळत नाही म्हणणाऱ्यांना तेव्हा प्रवेश मिळालाच ना? कोणी एक रहिवासी बरोबर घेतला की पहारेकरी अडवत नाही, हे तेव्हाच कळले.

मग पत्र नकोच का? तसे मी म्हणत नाही. पत्र जरूर लिहावे, परंतु ते आई-वडिलांच्या नावाने. भेट झाल्यानंतर, आणि त्यांनी स्वतः दिलेल्या पत्त्यावर. मुलाच्या नावाने लिहायचे तर शिबिर झाल्यावर लिहावे. त्याने शिबिरात काय केले, कबड्डीत कसा खेळला, रात्री घराची आठवण येऊन रडला तरी सकाळी कसा उठला, असे चार ओळींचे, शाईने लिहिलेले. तेव्हा ते कार्ड पोस्टमनने वाचले आणि शेजारच्या काकूंनीही वाचले तरी घरात आनंदच होईल. आणि जे मूल दोन महिन्यांनी येईनासे झाले, त्याच्या घरीही एकदा जावे, पण त्याला परत आणायला नव्हे.

त्या उत्साही तरुणाशी मी नंतर बोललो. तो म्हणाला, "काका, पत्राचा मजकूर तरी लिहून द्या." तो मी आज लिहून आणला आहे. त्यात शिबिराचे ठिकाण, तारखा, मुक्कामाची व्यवस्था, मुलांच्या बरोबर कोणकोण राहणार त्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक, पालकांनी कधीही येऊन पाहावे असे निमंत्रण, आणि मुलाला मध्येच घरी न्यावेसे वाटले तर न्यावे, कारण विचारले जाणार नाही, एवढे आहे. शेवटी पालकांच्या स्वाक्षरीची जागा आहे. स्वाक्षरी केलेला तेवढा तुकडा आपल्याकडे राहील आणि शिबिर संपल्यावर तो परत द्यायचा किंवा फाडून टाकायचा. मसुद्याच्या प्रती वर्गाच्या व्यवस्थापकांकडे ठेवल्या आहेत. भोजनापूर्वी सर्वांनी त्या वाचाव्यात. येथे बसलेल्या माता-भगिनींना त्यात जे खटकेल, त्यावर त्यांनी पेन्सिलीने खूण करून तो कागद माझ्याकडे द्यावा.